घोडीचं सॅडल सारखं पुढं सरकून राहिलंय, तंग (पोटाखालून सॅडल बांधायचा पट्टा) कोणता घेऊ? (नागपूर)

काटोलरोडवाली · १२ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवसांपासून वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी घोडी आहे, मारवाडी, सात वर्षांची, १४.३ हँड उंचीची, नाव कस्तुरी. काटोल रोडला एका फार्मवर ठेवली आहे. उन्हाळाभर सकाळी साडेपाचला जायचं आणि ऊन चढायच्या आत साडेसातला आणून बांधायची असंच चाललंय. आता प्रॉब्लेम असा आहे का सॅडल दर वेळी पुढे जातं. ठेवताना मी एकदम बरोबर ठेवते, पण वीस मिनिटं दुडकी झाली आणि उतरून पाहिलं की चांगलं चार बोटं पुढे सरकलेलं, खांद्यावर चढलेलं. सईस (घोडीची देखभाल करणारा) म्हणतो ताई तंग ढिला आहे, आवळा. आवळला. अजून आवळला. मागच्या आठवड्यात डाव्या कोपराच्या मागे केस गेले आणि रुपयाच्या नाण्याएवढी कातडी लाल झाली, तिथे हात लावू देत नाही. आता तर तंग हातात घेऊन जवळ गेलं तरी कान मागे टाकते, परवा माझ्या दंडाला दात लावले. जी घोडी माझ्या तळहातावरून गूळ खाते तिने दात लावले, मला रात्री झोप नाही आली.

तंग निओप्रीनचा आहे, सरळ पट्टा, ४८ इंच, एकाच बाजूला इलास्टिक. दुकानात घोडीची उंची विचारली आणि त्यावरून काढून दिला, बाकी काही विचारलं नाही. सॅडल जनरल पर्पज, कानपूरचं बनलेलं, जुनं पण धड आहे, तीन वाद्यांचं (वादी म्हणजे तंगाचं बक्कल लावायचा सॅडलचा पट्टा). आता कोणी म्हणतं लोकरीचं कव्हर चढव, कोणी म्हणतं छातीपट्टा लाव म्हणजे सॅडल हलणार नाही, एक जण म्हणाला शेपवाला तंग घे पण तो बराच महाग आहे आणि घेऊन उपयोग नाही झाला तर काय. काय करू?

हिंगण्याकडचा · १२ जून, रात्री ११:०५

ताई, लोकरीचं कव्हर घ्या. माह्या तट्टाले पण लागला होता तंग, मोठ्या भावानं जुन्या घोंगडीचा तुकडा शिवून देल्ला, बरं झालं. आमचे आजोबा तर सुती पट्ट्यावर घोडं बाजाराले नेत होते, एवढा विचार कोणीच करत नव्हतं. काहून एवढा खर्च करता.

जुना_सवार · १३ जून, सकाळी ६:१५

ताई, फौजेत माझी २२ वर्षं घोड्यांसोबत गेली, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. काहीही विकत घेऊ नका अजून. कव्हर नाही, तंग नाही, काहीच नाही. जखम भरेपर्यंत सॅडलही चढवू नका. पण जखमेला न लागता एक गोष्ट पाहता येते, ती उद्या करा.

घोडीला सपाट जागेवर उभी करा, चारही पाय नीट खाली, मान साधारण सरळ, चरायला खाली वाकलेली नको. आता कोपराच्या मागून तळहात छातीवर ठेवा आणि हळूहळू मागे सरकवत न्या, उजव्या बाजूने करा म्हणजे दुखणार नाही. एका ठिकाणी तुम्हाला कळेल की छाती इथे सगळ्यात अरुंद आहे, तिथून मागे पोट फुगत जातं. ती खोबण. तंग कुठेही बांधा, घोडा चालायला लागला की तो तिथेच जाऊन बसणार. त्या जागी खडूने उभी रेघ मारा.

मग नमदा (सॅडलखालची गादी) न टाकता नुसतं सॅडल ठेवा, खांद्याची फळी जिथे संपते त्याच्या मागे, फळी मोकळी हलली पाहिजे. तंग लावू नका. वाद्या आपोआप लोंबू द्या. त्या जिथे पडतात तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर बोटांनी मोजून इथे लिहा. आणि सईस तंग कोणत्या दोन वाद्यांना लावतो तेही पाहून सांगा.

जनावरांचा_डॉक्टर · १३ जून, दुपारी २:४०

सवारसाहेबांनी सांगितलं ते आधी कराच. मी जखमेबद्दल लिहितो कारण जूनचा महिना आहे, पाऊस सुरू झाला की उघड्या जखमेवर माशी बसते आणि अळ्या पडायला वेळ लागत नाही. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडी ठेवा, माशी बसू देऊ नका. हळद-तेल चोपडून वर लगेच तंग चढवतात लोक, ते अजिबात करू नका. नवीन कातडी घट्ट होऊन केस यायला लागेपर्यंत तंग नको, मग दोन आठवडे लागोत की चार. पू, सूज किंवा गरमपणा वाटला तर थेट दाखवा, सेमिनरी हिल्सला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

दुसरं म्हणजे दात लावणं. याला स्वभाव समजू नका. जखम हे कारण समोर दिसतंच आहे, पण जखम भरल्यावरही तंग पाहून कान मागे जात असतील तर पोटाचा अल्सर डोक्यात ठेवा. कोरडा चारा कमी आणि दाणा जास्त, दोन खाण्यांमध्ये खूप वेळ उपाशी, असं असेल तर घोड्याच्या जठरात अल्सर होतात आणि तंग आवळताना त्यांना त्रास होतो. तिला चारा किती वेळा मिळतो?

आणि एक, तंग इतका महत्त्वाचा का ते थोडं. घोड्याला आपल्यासारखं कॉलरबोन नसतं. पुढचे दोन पाय आणि धड यांना जोडणारं हाडच नाही, सगळं धड स्नायूंच्या झोळीत दोन पायांच्या मध्ये टांगलेलं असतं. तंग नेमका त्या झोळीवरून जातो. पाय पुढे टाकताना, मागे नेताना तेच स्नायू काम करतात. आपण समजतो दाब खाली छातीच्या मधल्या हाडावर येत असेल, पण इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तंगाखाली प्रेशर मोजणारी चटई लावून पाहिलं तेव्हा सगळ्यात जास्त दाब कोपराच्या मागे मिळाला. तुमच्या कस्तुरीची जखम आहे बरोबर तिथे. त्याच अभ्यासात तो दाब टाळणारा वेगळ्या आकाराचा तंग लावल्यावर घोडे पाय जास्त पुढे टाकायला लागले, गुडघा जास्त वाकवायला लागले. म्हणजे आपल्याला घोडा आळशी वाटतो आणि खरं तर त्याला पाय टाकायला जागाच नसते, असं होऊ शकतं.

काटोलरोडवाली · १४ जून, सकाळी ९:१०

सवारकाका, केलं. खोबण कोपराच्या मागे तीन बोटांवर आहे. मला वाटलं होतं मागे असेल पण हात सरकवला तर लगेचच पोट सुरू होतं. वाद्या मात्र बऱ्याच मागे पडतात, दोन रेघांमध्ये पाच बोटं अंतर. दोनदा मोजलं.

आणि वाद्यांचं विचारलं म्हणून पाहिलं, सईस दुसऱ्या आणि तिसऱ्या वादीला लावतो. पहिली तशीच मोकळी ठेवून देतो. विचारलं काहून, तर म्हणाला पहिली घेतली का बक्कल मांडीखाली टोचते. मी दोन वर्षं झाली कधी फ्लॅप उचलून पाहिलंच नव्हतं.

डॉक्टर, चारा दिवसातून तीनदा पडतो, रात्री मात्र आठनंतर सकाळपर्यंत काही नसतं. ते आजपासून बदलते, रात्री वैरण वाढवते.

जुना_सवार · १४ जून, सकाळी ११:३०

मिळालं उत्तर ताई. आता समजून घ्या काय होऊन राहिलं ते.

तुमच्या घोडीची खोबण पुढे आहे, सॅडलच्या वाद्या मागे आहेत. तंग बांधता तेव्हा तो तिरपा नाही दिसत, सरळ खाली जातो, कारण घोडी उभी आहे. चालायला लागली की तंग घसरून अरुंद जागी जातो, ती पाच बोटं पुढे. तंग वाद्यांना बांधलेला, वाद्या सॅडलला, मग सॅडल जाणार कुठे, तंगाच्या मागे मागे पुढेच. म्हणून जितका आवळाल तितकं ते जोरात पुढे ओढलं जाईल. सईसाची चूक नाही, सगळेच आवळतात, पण ढिला असल्यामुळे सरकतच नव्हतं ते. आणि तंग कोपराच्या मागे जाऊन रुतला की प्रत्येक पावलाला कोपर त्याच्यावर घासणार.

त्यात दुसरी-तिसरी वादी घेतल्यामुळे अंतर अजून वाढलं. पहिली वादी घेतली असती तर तंग तेवढाच पुढे, खोबणीच्या जवळ आला असता.

छातीपट्टा लावायचा नाही. छातीपट्टा सॅडल मागे जाऊ नये म्हणून असतो, तुमचं पुढे जातंय. पुढे जाणारं सॅडल धरायला दुमची असते, ती शेपटीच्या मुळाखालून येते. पण दुमचीने दुखणं बरं होत नाही, सगळी ओढ शेपटीच्या मुळावर जाईल. वाद्या आणि खोबण एका रेषेत आणणं हाच इलाज.

चामड्याचं_काम · १४ जून, रात्री ९:५०

मी सॅडल, लगाम दुरुस्तीचं काम करतो, पाचपावलीत, वडिलांपासून चालत आलेलं. वाद्यांबद्दल एक जरूर सांगतो कारण यात जीव जाऊ शकतो. तीन वाद्यांच्या सॅडलमध्ये पहिली वादी वेगळ्या निवारपट्टीला शिवलेली असते, दुसरी आणि तिसरी एकाच पट्टीला. दुसरी-तिसरी घेतली आणि ती एक पट्टी धावत्या घोड्यावर तुटली तर दोन्ही वाद्या एकदम सुटतात, सॅडल खाली, माणूस खाली. पहिली अधिक दुसरी किंवा पहिली अधिक तिसरी घ्या, म्हणजे एक पट्टी गेली तरी दुसरी धरते. टोचते म्हणाला तर बक्कलावर चामड्याचं झाकण सरकवायचं, त्यासाठीच ते असतं, बऱ्याच सॅडलवर हरवलेलं असतं. ती निवारपट्टी वर सॅडलच्या आतल्या सांगाड्याला खिळलेली असते, खालून दिसत नाही, म्हणून सॅडल जुनं असेल तर एकदा उघडून दाखवून घ्या. घामानं कुजते ती आतल्या आत.

इलास्टिकचंही सांगतो. एका बाजूला इलास्टिक आणि एका बाजूला नाही, हा तंग मी तर कोणाला घेऊ देत नाही. इलास्टिकवाली बाजू ताणते, दुसरी ताणत नाही, ओढ दोन्हीकडे सारखी राहत नाही आणि सॅडल हळूहळू एकीकडे कलतं. शिवाय इलास्टिक हाताला हलकं लागतं, त्यामुळे माणूस नको तेवढं आवळून बसतो. दोन्ही टोकांना सारखं असू द्या नाहीतर असूच देऊ नका.

हिंगण्याकडचा · १५ जून, सकाळी ७:००

हाव जी, मी घाईनं लिहून टाकलं कव्हरचं. हे खोबणीचं मले माहीत नव्हतं. आज सकाळी माह्या तट्टावर हात फिरवून पाह्यला तर खोबण सापडतच नाही! पिंप्यासारखं गोल हाय ते, कोपरापासून मागपर्यंत सारखंच. वीदर (मानेमागचा उंचवटा) पण नाही, पाठ सपाट. त्याचं सॅडल पुढं नाही जात, कडेला फिरते. पोरगा चढतो तवा मी दुसरीकडून रिकीब धरून उभा राहतो. याले कोणता तंग लागते?

जुना_सवार · १५ जून, दुपारी १२:२०

भाऊ, गोल बरगड्यांचं जनावर, त्याला सॅडल धरून ठेवायला वीदरही नाही आणि तंग बसायला खोबणही नाही. अशाला लोक सगळ्यात जास्त आवळतात आणि तिथेच चुकतात. पिंपाला दोरी कितीही आवळा, पिंप दोरीत फिरतंच. तिथे दोन गोष्टी लागतात, सॅडलचा खालचा भाग त्याच्या पाठीइतका सपाट आणि रुंद हवा, अरुंद सॅडल गोल पाठीवर टोकावर उभं राहतं आणि फिरतं, आणि तंगाचा आतला भाग घसरणारा नको. खालची लोकर घाम आला की दाबून गुळगुळीत होते, तट्टाला ती नका घेऊ. कापडी किंवा रबरासारखी पकड असणारी आतली बाजू चालेल पण कातडीवर रोज लक्ष ठेवा. पोराला रिकिबीतून ओढून चढवू नका, पायरीवर किंवा दगडावर उभा करून चढवा, निम्मं फिरणं तिथेच थांबेल. मी सुरुवातीला दुमचीला नाही म्हणालो ते कस्तुरीसाठी, उतारावर चालणाऱ्या गोल तट्टाला दुमची चालते, मऊ आणि ढिली, बोटं आत गेली पाहिजेत.

आणि त्याला उन्हाळ्यात जरा कमी चंदी द्या, मनापासून सांगतो. पोटावर चरबी असली की तंगाची मापं दर दोन महिन्यांनी बदलतात.

रेसवरचा_निवृत्त · १५ जून, रात्री १०:१५

माझा थरोब्रेड आहे, पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आलेला, इथे वर्धा रोडला ठेवलाय. यात एक वेगळी अडचण मी भोगली ती लिहितो. त्याची छाती खोल, वीदर उंच आणि टोकदार, खोबण चांगली मागे, म्हणजे तंगाच्या जागेचा त्रास नाही. पण माझं सॅडल ड्रेसाजचं (शिस्तबद्ध चालींच्या घोडेस्वारीचं), लांब वाद्यांचं, त्याला आखूड तंग लागतो. मी २४ इंची घेतला कारण आधीच्या मालकाने तोच सांगितला होता. आखूड तंगाची बक्कलं फ्लॅपखाली नसतात, खाली छातीच्या बाजूला येतात, आणि २४ मध्ये ती नेमकी कोपराच्या रेषेत आली. लोखंडी बक्कल, वर कोपर. आठ दिवसात दोन्ही बाजूंना गाठी. आता २८ आहे, बक्कलं कोपराच्या वर एक वीत राहतात, सॅडलच्या पॅडच्या खालच्या कडेला न टेकता, गाठी गेल्या. आखूड तंग घेताना सगळ्यात मोठा बसेल तो घ्या असं मी सगळ्यांना सांगतो, बक्कल जितकं वर तितकं चांगलं.

माप घेतानाही उंची विचारून काही कळत नाही. दोन १५ हँडची घोडी, एक सुरळीसारखी आणि एक पिंपासारखी, दोघांच्या तंगात सहा इंचांचा फरक येऊ शकतो. सॅडल, नमदा सगळं ठेवून, एका बाजूच्या वादीच्या मधल्या भोकापासून पोटाखालून दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोकापर्यंत टेप लावा. तो आकडा तुमचा. मधलं भोक यासाठी की वर-खाली दोन दोन भोकं हातात राहतात, पावसाळ्यात हिरवं खाऊन पोट वाढलं की तीच कामी येतात.

काटोलरोडवाली · १६ जून, सकाळी ८:३०

किती छान समजावता हो सगळे. टेप लावला (जखम दुखणार नाही अशा बेताने, सुती दोरी फिरवून मग दोरी मोजली), मधल्या भोकातून मधल्या भोकात ४५ आलं. म्हणजे ४८ मुळातच मोठा होता, म्हणून शेवटच्या भोकांवर जात होता. आणि डावीकडे पाचव्या, उजवीकडे दुसऱ्या भोकात असायचा, म्हणजे मध्य कधीच मध्यावर नव्हता.

आता शेपवाला तंग म्हणजे नेमका काय, फोटोत मला तर सगळे सारखेच दिसतात.

जुना_सवार · १६ जून, दुपारी १:००

जमिनीवर पसरून पाहा म्हणजे फरक कळतो. काही तंग सरळच असतात, फक्त कोपराच्या जागी दोन्हीकडून कापून अरुंद केलेले. हे फार जुनं डिझाइन आहे, आमच्याकडे बाल्डिंग म्हणून तंग होता, चामड्याच्या तीन पट्ट्या एकमेकींवरून फिरवून मधे अरुंद केलेला, कोपराला जागा मिळावी म्हणून. जिथे वाद्या आणि खोबण एका रेषेत आहेत पण कोपर घासतंय तिथे एवढं पुरतं.

दुसरा प्रकार पसरला की चंद्रकोरीसारखा दिसतो. मधला भाग पुढे, दोन्ही बक्कलांची टोकं मागे. मधला भाग खोबणीत बसतो आणि टोकं मागे वाद्यांपाशी राहतात, म्हणजे वाद्या सरळ जमिनीकडे लोंबतात, ओढल्या जात नाहीत. कस्तुरीला हा. पहिली वादी घेतल्यावर पाच बोटांचं अंतर तीनवर येईल, उरलेली तीन बोटं हा वाक भरून काढेल. लावताना मात्र पुढची बाजू पुढेच पाहिजे. उलटा लावला तर कोपरात घुसतो, सरळ तंगापेक्षाही वाईट. आतल्या बाजूला पेनने बाण काढून ठेवा, सईस सकाळी अंधारात लावतो.

चामड्याचा तीन घड्यांचा जुना तंग कोणाकडे असेल तर त्यालाही पुढची-मागची बाजू असते, घडीची गोल कड पुढे, उघडी कड मागे. उलटं झालं की कातडी चिमटते. आम्ही आत तेल लावलेला फलालीचा तुकडा ठेवायचो, चामडं आतून मऊ राहायचं.

जनावरांचा_डॉक्टर · १६ जून, रात्री ८:४५

मटेरियलबद्दल नागपूरचं वेगळं आहे म्हणून लिहितो, थंड देशातले सल्ले इथे जसेच्या तसे नका घेऊ. नवतप्यात ४५-४६ डिग्रीत निओप्रीनच्या आत घाम अडकतो, कातडी पांढरी पडून मऊ होते, आणि मऊ कातडी घासली की सोलली जाते. त्याचा फायदा एकच, नळाखाली धुतला की स्वच्छ. म्हणून ज्यांच्याकडे निओप्रीन आहे त्यांनी रोज धुवायचाच, वाळलेल्या घामाचं मीठ सँडपेपरचं काम करतं. सुती चांगला, श्वास घेतो, पण दोन असू द्या, एक धुवून वाळत, एक वापरात. नायलॉनच्या दोऱ्यांचा स्वस्त तंग नकोच, दोऱ्यांच्या मधे कातडी चिमटते. चामडं सगळ्यात उत्तम, पण पावसाळ्यात बुरशी धरतं, पुसून सावलीत वाळवा, उन्हात टाकलं तर तडकतं.

आणि कृपा करून एकाचा तंग दुसऱ्याला लावू नका. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे गजकर्णाचे घोडे येतात, गोल चट्टा तंगाच्या जागी, आणि विचारलं की कळतं तबेल्यात चार घोड्यांना एकच तंग. माणसालाही लागतं ते, सईसांच्या हातावर पाहिलंय मी.

नवीन_स्वार · १७ जून, सकाळी ७:४०

मी तर शिकतोच आहे, पण आमच्याकडे एका म्हाताऱ्या सईसाने घोडा घेताना तंगाच्या जागी केसांचा भोवरा आहे म्हणून नको म्हणून सांगितलं. त्याचा काही संबंध असतो का? आणि किती आवळायचा ते कसं कळतं, मला दर वेळी भीती वाटते की सॅडल फिरेल.

जुना_सवार · १७ जून, सकाळी १०:१०

भोवऱ्याला जुने लोक खोड मानतात. मी भोवरेवाल्या घोड्यांवर वर्षानुवर्षं बसलो, काही झालं नाही, पण त्या माणसाचा मान ठेवा, त्याने एक काम बरोबर केलं, घोडा घेताना तंगाच्या जागेवर हात फिरवून पाहिलं. तिथे पांढरे केस दिसले तर जुनी जखम समजा, ते भोवऱ्यापेक्षा जास्त सांगतात.

आवळण्याचं असं, एका दमात नाही. पहिल्यांदा फक्त धरेल इतका. घोड्याला चार पावलं चालवा. मग एक भोक. डावीकडे दोन ओढली तर उजवीकडेही बघा. लगाम घाला, मग अजून एक. चढण्याआधी पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढून ताणा, तंगाखाली कातडीच्या घड्या अडकतात त्या सुटतात. हे एक काम केलं नाही म्हणून कित्येक घोड्यांना तंग लागतो. बोटं बाजूने घालून पाहू नका, बाजूला बरगड्यांच्या वाकामुळे ढिलाच लागतो आणि माणूस अजून आवळतो. खाली छातीच्या मधल्या हाडाजवळ दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत, ओढून नाही, सरकून. दहा मिनिटं चालवून परत पाहा. घोडा पोट फुगवून धरतो म्हणून त्याला गुडघा मारणारे मी पाहिले आहेत. तो लबाडी करत नाही भाऊ, आधी कधीतरी दुखलंय म्हणून अंग घट्ट करतो.

जनावरांचा_डॉक्टर · १७ जून, रात्री ९:००

याला जोड. ऑस्ट्रेलियात रेसच्या घोड्यांना ट्रेडमिलवर पळवून पाहिलंय, तंग जास्त आवळला तेव्हा ते लवकर थकले. सॅडल फिरण्याची भीती बरोबर आहे, पण फिरणारं सॅडल बहुतेक वेळा न बसणारं सॅडल असतं.

काटोलरोडवाली · ११ जुलै, रात्री ९:३०

मंडळी, उशिरा लिहितेय पण सगळं लिहिते.

जखम भरायला तेवीस दिवस लागले. तेवढे दिवस नुसतं हाताने धरून फिरवलं, खरारा केला. रात्रीची वैरण सुरू केली. केस आले पण थोडे पांढरे येतील असं वाटतंय, ते पाहून वाईट वाटतं, माझ्यामुळे आहेत ते.

सॅडल पाचपावलीला दाखवलं. भाऊंनी वरचं चामडं सोडून निवारपट्टी दाखवली मला, दुसऱ्या-तिसऱ्या वादीची पट्टी शिवणीपाशी अर्धी कुजलेली होती. अर्धी! बोटाने ओढली तर तंतू निघून आले. त्याच पट्टीवर मी दोन वर्षं बसत होते. दोन्ही पट्ट्या बदलल्या, आणि त्यांनी अजून एक सांगितलं की सॅडल कस्तुरीला पुढून जरा रुंद आहे, मारवाडी म्हणून ती खांद्यामागे सपाट आहे, त्यामुळे पुढे बुडतं. नमद्याला पुढे दोन्हीकडे पातळ फेल्ट घालून दिलं, म्हणाले हे कामचलाऊ आहे, दोन-तीन महिन्यांनी परत आणा.

शेपवाला तंग विकत नाही घेतला आधी. रेसवरचा यांच्या ओळखीत एकांकडे ४६ चा होता, त्यांनी आठ दिवस वापरायला दिला (धुवून, डॉक्टर, उन्हात नाही, सावलीत वाळवून). पेनने बाण काढला. पहिल्या आणि तिसऱ्या वादीला लावला, दोन्हीकडे तिसरं भोक. वाद्या एकदम सरळ खाली. पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं चालवलं. चौथ्या दिवशी पंचवीस मिनिटं दुडकी, उतरले, नमद्याच्या कडेला खडूची रेघ मारून ठेवली होती तिथून अर्धं बोट पण नाही हललं. सॅडल काढल्यावर घामाची खूण पाहिली, दोन्हीकडे सारखी. आधी डावीकडे पुढे एक कोरडा तुकडा राहायचा आणि मला वाटायचं तिथे घाम येत नाही, तो दाब होता हे भाऊंनी सांगितलं तेव्हा कळलं.

कान अजून जातात मागे. तंग पाहिला की जातात. पण आता मी पहिल्या भोकावर थांबते, चार पावलं चालवते, तर कान परत येतात, आणि काल दुसऱ्या भोकाला मान वळवून तिने तंगाचा वास घेतला आणि परत वैरणीत तोंड घातलं.

हिंगण्याकडचा · ११ जुलै, रात्री १०:१०

बरं वाटलं वाचून ताई. माह्या पोराले दगडावरून चढवतो आता, सॅडल कमी फिरते. पाचपावलीचे भाऊ, तुमी तट्टाचं सॅडल पाहाल का, आणलं तर? टेम्पोत घालून तट्टूच आणू का, का सॅडलवरून कळते?

चामड्याचं_काम · १२ जुलै, सकाळी ७:२०

नुसत्या सॅडलवरून नाही कळत. पण तट्टू इथे गल्लीत नका आणू, पावसात गर्दी असते, घाबरेल. खोबणीपाशी, वीदरमागे आणि पाठीच्या मधे अशा तीन ठिकाणी जाड तार वाकवून आकार घ्या, तार कागदावर ठेवून पेनने रेघ काढा, तो कागद आणि सॅडल घेऊन या. रविवार सोडून कधीही.